नाक ठोकायचं की बदलायचं?

जॅग्वार ई-टाइप चालवणाऱ्याला स्वतःच्या गाडीचं नाक दिसत नाही. काचेसमोर लांबलचक बोनेट पसरलेलं असतं, मधोमध इंजिनासाठी दिलेला फुगवटा असतो आणि त्यापुढे पत्रा असा खाली वळतो की शेवटची वीत-दोन वीत नजरेआडच जाते. पार्किंगमध्ये पुढे घ्यायची ती अंदाजाने. अंदाज चुकला तर खांबाला अडवायला बंपर म्हणावा असं काही नाही. तोंडाच्या दोन बाजूंना क्रोमच्या दोन बारीक पट्ट्या आहेत, त्याही शोभेच्या. धक्का बसतो तो थेट पत्र्याला.

आणि या गाडीचं बोनेट म्हणजे इंजिनावरचं नुसतं झाकण नव्हे. दोन्ही मडगार्डं, हेडलाइटच्या खोबण्या, हवा आत घेणारं तोंड, असा गाडीचा अख्खा पुढचा भाग त्यात आला. बिजागऱ्या नाकापाशी असल्यामुळे मागची कड उचलली की सगळा डोलारा पुढे कलतो. मधला भाग, दोन बाजूंची मडगार्डं आणि तोंडाखालचा तुकडा हे वेगवेगळे बनवून एकमेकांना जोडलेले असतात. वरून जी क्रोमची रेघ दिसते तिच्याखाली मडगार्डाचा सांधा आणि त्याचे बोल्ट लपलेले आहेत. त्यामुळे नाकावरचा मार नाकापुरता राहत नाही. तोंड आत गेलं की मडगार्डाची कड उचलते, आणि पार मागे, काचेजवळच्या फटीत फरक पडतो.

मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली. बघणाऱ्यांची एवढी झुंबड उडाली की दुसरी गाडी तातडीने मागवावी लागली, आणि जॅग्वारचा चाचणी-ड्रायव्हर नॉर्मन ड्यूइस याने ती कॉव्हेंट्रीहून रातोरात चालवत आणून हजर केली. १९७४ पर्यंत ७२ हजारांहून जास्त ई-टाइप बनल्या. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९९६ मध्ये त्यातली एक आपल्या संग्रहात घेतली. तिला पार्किंगची काळजी नाही. बाकीच्यांना आहे.

खांबाला नाक लागलेली अशीच एक ई-टाइप समोर उभी आहे असं धरू. पहिल्या मालिकेतली, ४.२ लिटरच्या इंजिनाची. जागा कॉव्हेंट्रीजवळचं एक वर्कशॉप. गाडीपाशी दोघं आहेत. एक, पुण्याच्या नाना पेठेत उभी हयात डेंटिंग केलेले आणि आता भाचीकडे विलायतेला आलेले मामा. दुसरी ती भाची, गाड्यांच्या बॉडीची इंजिनिअर. जॅग्वार २००८ पासून टाटांची आहे, तेव्हा कॉव्हेंट्रीत मराठी कानावर पडणं आता नवलाचं राहिलेलं नाही. ही दोघं कल्पनेतली आहेत. त्यांचा वाद मात्र जुन्या गाड्यांच्या कुठल्याही गॅरेजमध्ये ऐकायला मिळतो.

“बदलायचं,” भाची गाडी बघताक्षणी म्हणते. “अख्खं बोनेट नवं मिळतं, मामा. इथून जवळ, न्यूनीटनला, ई-टाइपचे पत्रे आजही बनतात.”

“मिळतं म्हणून घ्यायचं? घरात ताट चेपलं तर तुझी आजी नवं आणत होती का?”

“ताट ताशी दोनशे किलोमीटरने पळत नव्हतं.”

मामा उत्तर देत नाहीत. खिशातून मऊ फडकं काढून ते बोनेटवर ठेवतात आणि त्यावरून हात फिरवायला लागतात. बोटांची टोकं नव्हे, अख्खा तळवा. फडक्यामुळे हात अडखळत नाही आणि डोळ्यांना न दिसणारा उंचसखलपणा तळव्याला कळतो. रंगावरची चकाकी डोळ्यांना फसवते, हाताला फसवता येत नाही, हे कुठलाही जुना डेंटर सांगेल. तोंडापासून सुरू झालेला हात हेडलाइटच्या मागे थांबतो, परत येतो, पुन्हा तिथेच थांबतो.

“हे बघ. खांब लागलाय तो इथं, तळहाताएवढ्या जागेत. हा खरा मार. बाकी जे वाकलंय ते ओढीनं वाकलंय. ही जी कड उठलीय ना कमानीसारखी, तिनं हा खड्डा धरून ठेवलाय. कड सोडवली की निम्मा खड्डा आपसूक वर येतो. नवशिका काय करतो? पहिला हातोडा खड्ड्याच्या पोटात घालतो. तिथं पत्रा ताणतो. आणि ताणलेला पत्रा परत जागेवर आणायचा म्हणजे चौपट काम.”

भाचीला हे मान्य करावं लागतं, कारण तिच्या पुस्तकातही हेच आहे, फक्त भाषा वेगळी. धक्का बसल्यावर पत्र्याचा फार थोडा भाग कायमचा दुमडतो. बाकीचा भाग लवचीकच असतो, पण त्या दुमडीने अडवल्यामुळे मूळ जागी येऊ शकत नाही. दुमड पडलेल्या जागी पोलाद कडक होतं आणि प्रत्येक ठोक्यागणिक आणखी कडक होत जातं. म्हणूनच मार ज्या क्रमाने बसला त्याच्या उलट क्रमाने काढायचा. जे शेवटी वाकलं ते आधी सोडवायचं, जे आधी वाकलं ते शेवटी. मामांना हे कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. त्यांच्या वस्तादाने शिकवलं, तेही बहुधा टपल्या मारून.

आता ठोकण्याचं काम. आतून डॉली, म्हणजे टेकू द्यायचा लोखंडी ठोकळा, धरायची, बाहेरून हातोडी. कड बसवताना डॉली हातोडीच्या बरोबर खाली नसते, जरा बाजूला, खोलगट भागाखाली असते. वरून उंचवटा खाली जातो आणि त्याच ठोक्याने शेजारचा खड्डा वर येतो. शेवटचं साफ करायचं तेव्हा मात्र डॉली थेट हातोडीखाली आणून हलक्या हाताने मठारायचं. कसब्यातल्या तांबट आळीत हंड्यावर जसा ठोक्याशेजारी ठोका पडत जातो, तसंच. फरक इतकाच की तांबट ते ठोके दिसू देतो आणि डेंटरला ते लपवायचे असतात.

पत्रा ताणलाच असेल तर तो बोटाने दाबला की टक् करून आत जातो, सोडला की टक् करून बाहेर येतो. मग गॅसच्या बारीक ज्योतीने त्याचा एखाद्या नाण्याएवढा ठिपका लाल करायचा, चटकन ठोकून बसवायचा आणि ओल्या फडक्याने थंड करायचा. तापलेला ठिपका पसरू बघतो, पण भोवतालचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही. तो जागच्या जागी जाड होतो आणि थंड होताना आकसतो. एक ठिपका जास्त झाला की पत्रा उलट्या बाजूने खेचला जातो. जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर हा सगळा खेळ चालतो.

“छान,” भाची म्हणते. “पण हे तोंडाखालचं बघा. इथं पत्रा फाटलाय, आणि आतून गंजलाय. याला काय मठारणार?”

मामा वाकून बघतात. नखाने रंग खरवडतात. “हा तुकडा गेला,” ते कबूल करतात. “हा नवा घाल. पण एका तुकड्यापायी सगळं बोनेट फेकायचं नाही.”

“सगळं बदललं तर सगळं सारखं होतं. माल्कम सेयरनं ही बॉडी काढली ती हौशी चित्रकारासारखी नाही. तो ब्रिस्टलच्या विमान कंपनीतून आलेला माणूस. त्यानं हे वक्र गणितानं मांडले. म्हणजे या पत्र्यावरचा प्रत्येक बिंदू कुठं असायला हवा ते ठरलेलं आहे. मी डावी बाजू स्कॅन करते, आरशात उलटते आणि उजव्या बाजूवर ठेवते. कुठं किती मिलिमीटर फरक ते पडद्यावर रंगात दिसतं. तुमचा तळवा आकडा सांगतो का?”

“गणित कागदावर होतं, पोरी. कारखान्यात काय होतं ते सांग.”

इथे मामांनी नेमकं वर्मावर बोट ठेवलं आहे. ई-टाइप लाखांनी खपेल असं जॅग्वारला वाटलं नव्हतं, म्हणून मोठे आणि महाग साचे बनवले गेले नाहीत. छोटे छोटे तुकडे दाबून काढायचे, ते वेल्डिंगने जोडायचे, सांध्यांवर शिसं भरायचं आणि कानशीने घासून एकजीव करायचं, अशी ब्राउन्स लेनच्या कारखान्यातली रीत होती. शेवटी प्रत्येक बोनेट त्या त्या गाडीवर बसवून जुळवलं जाई. म्हणजे सेयरच्या गणितात डावी बाजू आणि उजवी बाजू सारखी होती, कामगाराच्या हातून बाहेर पडलेल्या गाडीत ती तितकी सारखी असेलच असं नाही. डावी बाजू आरशात उलटून उजवीवर ठेवली तर जो फरक दिसेल, त्यातला खांबाचा किती आणि १९६० च्या दशकातल्या एखाद्या कॉव्हेंट्रीकर कामगाराचा किती, हे स्कॅनर सांगू शकत नाही.

त्यामुळेच एका ई-टाइपचं बोनेट दुसरीवर जसंच्या तसं बसत नाही. नवं कोरं आणलेलंही बसत नाही. बिजागऱ्यांखाली पॅकिंग घाल, काढ, मडगार्डाचे बोल्ट ढिले कर, पुन्हा आवळ, कडेला पत्रा वाढव, घास, हा व्याप नव्या बोनेटालाही चुकत नाही. पैसे वाचवायला म्हणून जुनं ठोकायचं नसतं हे जितकं खरं, तितकंच वेळ वाचवायला म्हणून नवं घ्यायचं हेही अर्धवट खरं. प्रस्तुत लेखकाचं मत इथवर तरी मामांच्या बाजूने आहे. जो पत्रा फाटलेला नाही आणि गंजून चाळण झालेला नाही, तो त्या गाडीचा आहे आणि तिच्यावरच राहावा.

पण मग भाची बॅटरी घेऊन जमिनीवर आडवी होते.

“मामा, आता पत्रा सोडा. खाली या.”

ई-टाइपच्या मधल्या भागाला, म्हणजे माणसं बसतात त्या भागाला, पोलादी पेटीसारखी बॉडी आहे. तिच्या पुढे मात्र चासी नाही. तिथे चौकोनी नळ्यांच्या फ्रेम आहेत. दोन बाजूंच्या दोन फ्रेम मागच्या पोलादी भिंतीला बोल्टने जोडलेल्या. त्यांच्या पुढच्या टोकांना आडवी उभी चौकट, जिला सगळे ‘पिक्चर फ्रेम’ म्हणतात. पुढचं सस्पेन्शन या चौकटीवर. तिच्याही पुढे आणखी एक हलकी फ्रेम, बोनेटच्या बिजागऱ्या आणि रेडिएटर धरणारी. नळ्या रेनॉल्ड्सच्या पोलादाच्या, आणि त्यांचे सांधे पितळी ब्रेझिंगने जोडलेले. ही रचना शर्यतीच्या डी-टाइपकडून आली, जिने १९५५ पासून सलग तीन वर्षं ल माँची शर्यत जिंकली. डी-टाइपमध्ये आधी पुढची फ्रेम मधल्या भागाला वेल्ड केलेली होती. १९५५ मध्ये ती बोल्टने जोडायला सुरुवात झाली, आणि अपघातानंतर दुरुस्ती सोपी व्हावी हा त्यातला एक मोठा फायदा होता.

“म्हणजे ही फ्रेम बदलण्यासाठीच बोल्टवर ठेवलीय,” भाची म्हणते. “ठोकण्यासाठी नाही. हा सांधा बघा.” बॅटरीच्या उजेडात सांध्यापाशी रंगावर केसाएवढा तडा गेलेला दिसतो. “रंग उगाच तडकत नाही. खालची नळी हललीय.”

“गॅसनं जरा लाल करून ओढून घेऊ. अँबेसेडरची चासी आम्ही कितीदा...”

“अँबेसेडरचा पत्रा केवढा, ही नळी केवढी! पातळ भिंतीची नळी आहे, मामा. तिची ताकद ती ज्या पद्धतीनं ओढून बनवली त्यात आहे. लाल केली की ती ताकद गेली, आणि शेजारचं ब्रेझिंगही कमजोर झालं. वरून रंग मारला की कुणाला कळणार नाही. कळेल तेव्हा ताशी दीडशेला वळणावर कळेल. समोरचं चाक यालाच टांगलंय.”

मामा गप्प बसतात. पण हार मानून नव्हे. ते वर्कशॉपच्या भिंतीवर काहीतरी शोधतात आणि एक ओळंबा घेऊन येतात. सस्पेन्शनच्या ठरावीक बोल्टांवरून ओळंबा सोडायचा, जमिनीवर खडूने खूण करायची, डावीकडची पुढची खूण ते उजवीकडची मागची खूण असा कर्ण मोजायचा, मग दुसरा. दोन्ही कर्ण सारखे आले तर पुढचा भाग सरळ. नाही आले तर गाडी तिरकी झाली आहे, मग वरचं बोनेट कितीही सुंदर ठोका. ही रीत नाना पेठेत आहे, कॉव्हेंट्रीत आहे, आणि लेझर आला तरी मुळात तीच आहे. भाचीने लेझरने घेतलेलं माप आणि मामांचा खडू, दोघांनी एकच गोष्ट सांगितली तर आश्चर्य वाटायला नको. समजा, कर्णात काही मिलिमीटरचा फरक आला. पिक्चर फ्रेम वाकली आहे.

या जागी मामा माघार घेतात हे योग्यच आहे. पत्र्याची दुरुस्ती हा कौशल्याचा प्रश्न आहे. नळ्यांच्या फ्रेमची दुरुस्ती हा जिवाचा प्रश्न आहे, आणि तिथे वस्तादाच्या हाताचा अभिमान कामाचा नाही. वाकलेली किंवा तडकलेली ई-टाइपची फ्रेम सरळ करू नये, बदलावी. नव्या फ्रेम बनवून मिळतात.

आता खरी पंचाईत. भाची चौकटीच्या वरच्या नळीवरची धूळ फडक्याने पुसते. उजव्या शॉक अॅब्सॉर्बरच्या बैठकीपाशी ठोकलेले आकडे दिसतात.

“चासी नंबर,” ती म्हणते.

“म्हणजे?” मामांचा आवाज चढतो. “मी पत्रा वाचवायला भांडतोय आणि तू गाडीचं नावच काढून टाकतेस?”

ई-टाइपची ही जुनी गंमत आहे. जिला चासीच नाही तिचा चासी नंबर कुठेतरी ठोकायचा होता, तो अशा जागी ठोकला गेला की समोरून जोराचा मार बसला की बदलायला लागणारा भाग नेमका तोच. सगळं जुनं ठेवा म्हणणाऱ्याला गाडीची ओळख ज्या नळीवर आहे तीच टाकावी लागते, आणि सगळं नवं घाला म्हणणारीला कळतं की एवढ्या एका गोष्टीला नवं असं काही नसतं. नंबर दुसऱ्या जागी कुणाच्याही परवानगीशिवाय कोरणं हे कुठल्याच देशातल्या गॅरेजवाल्याने अंगावर घेऊ नये असं काम आहे. नोंदणी करणाऱ्या खात्याला कळवायचं, कागद करायचा, आणि जुनी चौकट नंबरासकट जपून ठेवायची, हाच सरळ मार्ग.

“मग तीच गाडी राहिली का?” मामा विचारतात.

हा प्रश्न १९९० मध्ये लंडनच्या न्यायालयात खरोखरच आला होता. बेंटलेची ‘ओल्ड नंबर वन’ ही स्पीड सिक्स गाडी. तिने १९२९ आणि १९३० अशी दोन्ही वर्षं ल माँ जिंकली. १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतीत ती धावपट्टीवरून उडाली, चालक क्लाइव्ह डन्फी त्यात गेला, आणि पुढे मालकाने तिच्यावर बंद बॉडी चढवली. तोवर इंजिनासकट तिचे पुष्कळ भाग बदलले होते. ही गाडी तब्बल एक कोटी पौंडांना विकायचा सौदा ठरला आणि मग खरेदीदाराने हात वर केले. ही मूळची ओल्ड नंबर वन नाहीच, असा त्याचा दावा. न्यायाधीश ऑटन यांनी निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला. जुने भाग फार थोडे उरले होते, पण गाडीचा इतिहास कुठे तुटलेला नव्हता. तिच्या जागी दुसरी गाडी कधी आलीच नव्हती. म्हणून ती तीच.

“बघा,” भाची म्हणते, “कोर्टानं माझी बाजू घेतली. भाग बदलले तरी गाडी तीच.”

“कोर्टानं इतिहासाची बाजू घेतली, तुझी नाही. आणि तो इतिहास कुणीतरी लिहून ठेवला होता म्हणून घेतली.”

उलट बाजूचं उदाहरणही ई-टाइपच्याच घरातलं आहे. जॅग्वारने शर्यतीसाठी अॅल्युमिनियम बॉडीच्या फक्त बारा हलक्या ई-टाइप बनवल्या. त्यातली एक पेटर लिंडनर या जर्मन चालकाची. ऑक्टोबर १९६४ मध्ये पॅरिसजवळच्या मोंलेरीला, पावसात, तिचा भीषण अपघात झाला. लिंडनर त्यात गेला, आणखी माणसं गेली. गाडीची मूळ बॉडी चुरगाळून गेली होती, आणि पुढे त्या गाडीचे सुटे भाग वापरून नवी बॉडी उभी करण्यात आली. पण जुना चुरगाळलेला सांगाडा कुणी भंगारात दिला नाही. पुष्कळ वर्षांनी इंग्लंडमध्ये ब्रिजनॉर्थच्या कारागिरांनी तोच सांगाडा हातात घेतला आणि हजारो तास खर्चून त्या जुन्याच पत्र्यातून बॉडी पुन्हा आकाराला आणली. अॅल्युमिनियम पोलादासारखं लाल होऊन इशारा देत नाही, चांदीच्या रंगातच एकदम वितळून पडतं. त्यामुळे ते मऊ करण्याआधी कारागीर त्यावर गॅसची काजळी धरतात आणि ती उडाली की ज्योत बाजूला घेतात. अशा धातूवर, अशा अपघातानंतर, हे काम झालं. खांबाला लागलेल्या पोलादी नाकाची तुलनेने काय कथा?

मामांना हे ऐकून समाधान वाटतं. तेवढ्यात भाची लांबीचा विषय काढते.

जुन्या गाड्यांच्या जगात पुट्टीइतकी, म्हणजे आपल्या गॅरेजच्या भाषेत लांबीइतकी, बदनाम वस्तू दुसरी नाही. ठोकण्याचा कंटाळा आला की लांबी भरायची, ती बोटभर जाड झाली की काही वर्षांत तडकायची, हा सार्वत्रिक अनुभव. जाणकार गिऱ्हाईक म्हणूनच खिशात चुंबक घेऊन फिरतं. कारखान्यात मूळ वापरलं जाई ते शिसं: सत्तर टक्के शिसं आणि तीस टक्के कथील. हे मिश्रण १८३ अंश सेल्सियसला मऊ व्हायला लागतं आणि साधारण २५५ ला पुरतं वितळतं. मधल्या पट्ट्यात ते लोण्यासारखं राहतं, तेवढ्यात चरबी लावलेल्या लाकडी पट्टीने पसरवून घ्यायचं. त्याआधी पत्र्याला कथलाचा पातळ हात द्यावा लागतो, नाहीतर शिसं धरत नाही. मामा हे बघून हसतात, कारण ही सरळ कल्हई आहे. पितळी पातेल्याला नवसागर लावून कथील फिरवणारा कल्हईवाला ज्यांनी लहानपणी पाहिला, त्यांना यात शिकण्यासारखं फारसं नाही.

“पण त्या शिशावर ग्राइंडर चालवायचा नाही,” भाची बजावते. “कानसच. धूळ फुफ्फुसात जाते. आणि फ्लक्स नीट धुतलं नाही तर वर्षभरात रंगाला फोड येतात.”

“माहीत आहे.”

“आणि हार्डनर मिसळलेला टू-के रंग मारताना तुम्ही तोंडाला काय बांधायचात?”

“रुमाल.”

“त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. कायमचा दमा होतो त्यानं. रुमालानं ते अडत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो.”

मामांना यावर उत्तर नाही, आणि नाना पेठेतल्या किती दुकानांत आजही रुमालच आहे हे सांगायची त्यांची तयारी नाही. आपल्याकडच्या डेंटरांची मठारण्याची कला वाचावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधी त्यांच्या फुफ्फुसांची चिंता करावी, असा टोमणा या ठिकाणी मारल्यावाचून राहवत नाही.

शिसं की लांबी या वादात मात्र भाचीचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. नीट ठोकलेल्या पत्र्यावर आजच्या चांगल्या लांबीचा पातळ थर काही वाईट नाही. चुंबक लांबीला चिकटत नाही, तसा तो शिशालाही चिकटत नाही. जाड थर शिशाचा असला तरी तो न जमलेल्या ठोकणीवरचं पांघरूणच असतं. कडांना आणि सांध्यांना, जिथे बोनेट आदळतं आणि लांबी टवका उडून पडते, तिथे शिसं हवं. मधल्या मोकळ्या जागेत ते हट्टाने भरण्यात शहाणपण नाही.

तर या गाडीपुरता हिशोब असा होतो: पिक्चर फ्रेम नवी, बिजागऱ्यांची फ्रेम नवी, तोंडाखालचा तुकडा नवा. मधला भाग आणि दोन्ही मडगार्डं जुनी, ठोकून. आणि काम या क्रमाने. आधी रंग काढायचा, मग मापं, मग फ्रेम, मग बोनेट जागेवर बसवून ठोकणं, आणि फटी जुळल्यावरच प्रायमर. बरीच गॅरेजं उलट करतात. बोनेट टेबलावर ठेवून सुरेख बनवतात, रंगवतात, आणि गाडीवर चढवायला जातात तेव्हा दाराजवळ बोट जाईल एवढी फट एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला पत्रा पत्र्यावर घासतो. मग रंगवलेलं नाक पुन्हा ठोकायची पाळी येते.

महाराष्ट्रातल्या जुन्या गाड्यांच्या मालकांनाही हा वाद लागू आहे, गाडी जॅग्वार असो की प्रीमियर पद्मिनी. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ या अक्षरांची वेगळी नोंदणी दिली. नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क, आणि अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. अपघातानंतर बदललेला भाग फेरफार ठरतो की दुरुस्ती, हे पटवून द्यायची वेळ आली तर तुमच्या हातात कागद हवेत. म्हणून गाडी गॅरेजात सोडण्याआधी नंबराचे आणि मार लागलेल्या जागेचे जवळून फोटो काढा, मापांचा कागद गॅरेजवाल्याकडून सही करून घ्या, आणि काढलेला जुना भाग, विशेषतः ज्यावर नंबर आहे तो, भंगारवाल्याच्या गाडीवर जाऊ देऊ नका.